बांबू आपला, पास दुसऱ्याच्या हाती

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची साथ सोडली. त्या दिवसापासून या प्रणालीला सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट मिळणं थांबलं. संगणक बंद पडत नाही, त्यावर पत्रही टाइप होतं. पण त्यात नवं भगदाड सापडलं तर ते बुजवायला कंपनी येणार नाही. विंडोज 11 घ्या, असं कंपनी सांगते. त्यासाठी टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे 2017 च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. त्याआधीचं यंत्र कितीही ठणठणीत असो, कंपनीच्या लेखी ते बाद.

मोठ्या शहरातल्या कंपन्या ठरावीक वर्षांनी यंत्रं बदलतात. गडचिरोली-चंद्रपूरच्या एटापल्ली, कोरची किंवा जिवती तालुक्यांतल्या ग्रामपंचायतीत संगणक चालतोय तोवर चालवतात. आणि त्या एका संगणकावर काय काय अवलंबून आहे ते बघा. 2011 च्या ‘संग्राम’ प्रकल्पापासून ग्रामपंचायतीचे 1 ते 33 नमुने संगणकावर आले. घराचा उतारा, जन्म-मृत्यूचे दाखले, सगळं संगणक परिचालकाच्या त्या टेबलावरून निघतं. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पैसे चुकते करायचे तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) यांची डिजिटल सही लागते. ती पेन ड्राइव्हसारख्या एका छोट्या डोंगलमध्ये असते, यूएसबीत खोचायची आणि पिन टाकायचा. रस्त्याचं, नालीचं, हातपंपाचं बिल त्या सहीवर निघतं. ज्या यंत्राची भगदाडं कुणी बुजवत नाही, त्याच यंत्रात गावाच्या तिजोरीची किल्ली खोचली जाते. म्हणून हा प्रश्न शहरापेक्षा इथे जास्त गंभीर आहे.

जुन्या यंत्रांसाठी कंपनीने मुदतवाढ ठेवली आहे, पण पैसे घेऊन. संस्थांसाठी पहिल्या वर्षी यंत्रामागे 61 डॉलर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट. घरगुती ग्राहकाला एका वर्षाचे 30 डॉलर, किंवा मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून आपल्या सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवायच्या. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी दबाव आणला तेव्हा तिथल्या घरगुती ग्राहकांसाठी अटी सैल झाल्या. मागणी संघटित असली की ही कंपनी ऐकते, हे यावरून दिसतं. गडचिरोलीच्या ग्रामपंचायतीच्या वतीने तिच्याशी कोण बोलतंय?

या परावलंबनात आपल्या राज्याचा वाटा मोठा आहे. 2001 साली एमकेसीएल (महाराष्ट्र ज्ञान महामंडळ) स्थापन झालं, एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम आला, आणि सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र जवळजवळ अनिवार्य झालं. त्या अभ्यासक्रमाने तालुक्या-तालुक्यातल्या मुलांची संगणकाची भीती घालवली, हे मोलाचं काम आहे. पण संगणक म्हणजे विंडोज आणि लिहिणं म्हणजे वर्ड हेही त्यानेच शिकवलं. टंकलेखनाच्या सरकारी परीक्षेतही पत्र वर्डमध्ये आणि तक्ता एक्सेलमध्ये. एका खासगी कंपनीला पिढ्यान्‌पिढ्यांचे ग्राहक आपण सरकारी शिक्क्यानिशी तयार करून दिले. केरळनेही त्याच काळात शाळांमध्ये संगणक आणले, पण तिथली मुलं लिनक्सवर आणि मुक्त सॉफ्टवेअरवर शिकली. दहावीची संगणक परीक्षाही त्यावरच होते.

मायक्रोसॉफ्टचं ऋणही मान्य केलं पाहिजे. विंडोज 2000 मध्ये देवनागरी युनिकोड नीट आलं. त्यासोबतचा ‘मंगल’ हा फॉन्ट आपले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. आज कार्यालयांची कितीतरी मराठी पत्रं मंगलमध्येच निघतात. कृतीदेव या जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तो जाच युनिकोडने संपवला. माझं भांडण कंपनीच्या कामाशी नाही. आपण सगळी दारं तिच्याच कुलपाने लावली, याच्याशी आहे.

कुलपं आता ब्राउझरमध्येही आली आहेत. वरच्या कार्यालयातून सकाळी व्हॉट्सॲपवर गूगल शीटची लिंक येते: आज पाचपर्यंत माहिती भरा. शीट चांगलं साधन आहे, फुकट आहे, चटकन शिकता येतं. पण ते बहुतेकदा कुणाच्या तरी खासगी जीमेलवर उघडलेलं असतं. साहेबांची बदली झाली की तालुक्याची माहिती त्यांच्या खात्यासोबत जाते. फुकटच्या खात्याला 15 जीबीची मर्यादा आहे; ती भरली की मेल येणं थांबतं. दोन वर्षं न वापरलेलं खासगी खातं गूगल काढून टाकू शकतं, आणि डिसेंबर 2023 पासून तशी खाती काढायला त्याने सुरुवातही केली. सरकारी नोंद अशा ठिकाणी ठेवणं हा हलगर्जीपणा आहे, मग काम कितीही झटपट होवो. शिवाय पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा रस्ता तुटतो, अनेकदा वीज आणि रेंजही जाते. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत लिंक कोण भरणार?

कुलूप बाहेरून लागू शकतं, याचा दाखला दूरचा नाही. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध लादले आणि मायक्रोसॉफ्टने या भारतीय कंपनीची आउटलुक आणि टीम्स सेवा थांबवली. नायराला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. नायराकडे वकील होते. वनहक्क समितीकडे ते नसतात.

गडचिरोलीला हा धडा नवा नाही. मेंढा (लेखा) गावाला 2009 साली 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबूला गौण वनोपज मानायला वनखातं तयार नव्हतं आणि वाहतूक परवाना (पास) देईना. बांबू गावाचा, पण परवान्याशिवाय तो गावाबाहेर नेता येईना, मग विकणार कसा? गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गाव अडून बसलं. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा कुठे मालकीला अर्थ आला. आज गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांतल्या ग्रामसभा बांबू आणि तेंदूचे लाखोंचे व्यवहार करतात. त्यांचे हिशेब कुणाच्या साधनात आहेत आणि ते साधन उद्या बंद झालं तर हिशेब उघडणार का, हा तोच परवान्याचा प्रश्न आहे.

जंगलाला साजेशी साधनं बनवता येतात. ताडोबात वनरक्षक गस्तीवर एम-स्ट्राइप्स ॲप वापरतो. 2010 मध्ये व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्थेने ही यंत्रणा आणली. फोनमधलं जीपीएस उपग्रहावर चालतं, त्याला टॉवर लागत नाही. पायवाट, पगमार्क, विष्ठा, फोटो, सगळं फोनमध्ये साठतं आणि रेंजमध्ये आल्यावर वर जातं. रेंज नाही म्हणून गस्त वाया जात नाही. वाघासाठी हे जमलं, तर गावाच्या हिशेबासाठीही जमायला हवं.

केंद्राच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांचं ई-मेल आता झोहोच्या यंत्रणेवर आहे. देशी कंपनीचं कौतुक आहेच. तामिळनाडूतल्या तेनकाशीसारख्या ठिकाणाहून जगभर सॉफ्टवेअर विकणं सोपं नाही. पण विदेशी कुलपाऐवजी देशी कुलूप एवढ्यावर मी समाधानी नाही. फाइल मुक्त स्वरूपात, म्हणजे ओडीएफसारख्या मानकात असली, तर ती कुठल्याही कंपनीच्या साधनात उघडते. लिब्रेऑफिस मराठीत मिळतं, फुकट आहे, आणि विंडोज 11 ने नाकारलेल्या यंत्रावर हलक्या लिनक्सखाली चालतं. अडचण सहीच्या डोंगलची आहे: त्याचं सॉफ्टवेअर आणि सरकारी पोर्टल लिनक्सवर नीट चाललंच पाहिजे, अशी अट राज्याने पुरवठादारांना घातली पाहिजे. ती अट नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

संगणक खरेदीला जिल्हा वार्षिक योजनेतून पैसा येतो, आणि नियोजन समितीवर आपणच निवडून दिलेले लोक बसतात. पुढच्या निविदेत कंपनीचं नाव न लिहिता काम लिहावं: मराठी युनिकोड पत्र, 1 ते 33 नमुने, डिजिटल सही, नेट नसताना नोंद, मुक्त स्वरूपात साठवण, आणि दर महिन्याला ग्रामसभेच्या ताब्यात सगळ्या नोंदींची एक प्रत.