मोदकासारखी गुबगुबीत अक्षरं

काल गोंदियाच्या बाजारात गणेश मंडळाचा एक फ्लेक्स पाहिला आणि गाडी बाजूला लावली. अक्षरं इतकी गुबगुबीत की बोटाने दाबून पाहावंसं वाटलं!

हा फॉन्ट म्हणजे ‘मोदक’. मुंबईच्या ‘एक टाइप’ या छोट्या गटाने केलेला. सारंग कुलकर्णींनी आधी ही अक्षरं हाताने रेखाटली, मग मैथिली शिंगरे यांनी त्यांचा फॉन्ट घडवला.

गंमत कुठे आहे? ‘ब’ किंवा ‘म’ लिहा. अक्षराच्या पोटातली मोकळी जागा जवळजवळ भरून गेलीय, उरलीय फक्त बारीक फट. तरीही अक्षर ओळखू येतं! मात्र हा मथळ्याचा फॉन्ट. पत्रिकेतल्या बारीक मजकुराला वापरू नका, सगळे ठिपकेच दिसतील.

याच गटाचा दुसरा लाडका फॉन्ट ‘बलू’. ‘भालू’सारखं नाव ऐकून आपल्या नागझिऱ्याच्या जंगलातलं अस्वल आठवतं ना? अक्षरंही तशीच गोलमटोल. तो अनेक भारतीय लिप्यांत आहे आणि त्यांतल्या बहुतेक लिप्यांत त्याच्या नावापुढे त्या त्या भाषेतला ‘भाऊ’ लागतो: गुजरातीत बलू भाई, पंजाबीत बलू पाजी, तमिळमध्ये बलू तंबी, मल्याळममध्ये बलू चेट्टन!

दोन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. दुकानाच्या पाटीलाही बिनधास्त वापरा.

मी स्वतः फ्लेक्स डिझाइन करतो. मराठी फॉन्टबद्दल काहीही अडलं तर खाली विचारा, नक्की सांगेन.