फोन कोणाला लावायचा? अकलूजचा बंगला आणि पाकिस्तानातली घराणी

(एपिसोडमधलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून)

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय आहे पाकिस्तानातली राजकीय घराणी आणि अमेरिका. पण सुरुवात आपल्या वेळापूरपासून करू. कारण यातलं निम्मं गणित आपण आपल्याच तालुक्यात बघितलंय.

आधी आपलं माळशिरस

विजयसिंह मोहिते-पाटील १९८० ते २००९ माळशिरसचे आमदार होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील शंकरराव. अकलूजचा सहकारी साखर कारखाना आज शंकररावांच्याच नावानं आहे. २००३ मध्ये विजयसिंह उपमुख्यमंत्री झाले. मग २००८ ला मतदारसंघांची फेररचना झाली आणि माळशिरस अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. आता घरातला माणूस इथून उभाच राहू शकत नाही. मग घराण्याचं वजन संपलं का?

बघा काय झालं. २००९ आणि २०१४ ला घराणं राष्ट्रवादीत होतं, आमदार झाले राष्ट्रवादीचे हनुमंत डोळस. २०१९ ला रणजितसिंह मोहिते-पाटील भाजपमध्ये गेले, आणि भाजपचे राम सातपुते जिंकले. तीन हजारांहून कमी मतांनी हरले राष्ट्रवादीचे उत्तम जानकर. २०२४ ला भाजपनं माढा लोकसभेचं तिकीट पुन्हा रणजितसिंह नाईक-निंबाळकरांना दिलं. धैर्यशील मोहिते-पाटील शरद पवारांच्या पक्षात आले आणि खासदार झाले. विधानसभेला घराणं त्याच जानकरांच्या बाजूनं उभं राहिलं. सातपुते तेरा हजारांवर मतांनी पडले.

पक्ष बदलले, चिन्हं बदलली, उमेदवार बदलले. मुंबईहून येणाऱ्या नेत्यांच्या गाड्या मात्र अकलूजच्या एकाच बंगल्याकडे वळत राहिल्या.

असं का होतं? पक्षाच्या वरिष्ठ नेत्याला तालुक्यात हजारो माणसं लागतात. बूथवर बसणारी, कारखान्यातली, कॉलेजमधली, सोसायटीतली. एकेकाला गाठायला वेळ कुणाकडे आहे? एक घर सांभाळलं की काम भागतं.

आता इस्लामाबाद

वॉशिंग्टनलाही नेमकं हेच सोयीचं पडतं. कारगिलचं युद्ध आठवतंय? तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नसतील. ४ जुलै १९९९ ला नवाझ शरीफ वॉशिंग्टनला गेले, क्लिंटन यांना भेटले आणि सैन्य मागे घ्यायला तयार झाले. अमेरिकेचं काम एका दिवसात झालं. पण ऑक्टोबरमध्ये जनरल मुशर्रफ यांनी शरीफांची सत्ता उलथवली, आणि त्यांचा पक्ष काहीच करू शकला नाही. पक्षाची सगळी ताकद एका घरात होती, आणि ते घरच आधी तुरुंगात, मग सौदी अरेबियात गेलं. २००१ नंतर अमेरिकेनं फोन मुशर्रफांना लावायला सुरुवात केली.

मुशर्रफ डगमगू लागले तेव्हा दुसरं घर शोधलं गेलं, भुट्टोंचं. पीपल्स पार्टी १९६७ ला लाहोरमध्ये स्थापन झाली. झुल्फिकार अली भुट्टोंना १९७९ मध्ये फाशी झाली, पक्ष पत्नी नुसरत यांच्याकडे आणि पुढे मुलगी बेनझीर यांच्याकडे आला. २००७ मध्ये अमेरिकेच्या मध्यस्थीनं बेनझीर आणि मुशर्रफ यांच्यात तडजोड झाली. खटले मागे घेणारा अध्यादेश निघाला, बेनझीर मायदेशी परतल्या. २७ डिसेंबरला रावळपिंडीत त्यांची हत्या झाली.

पुढचं नीट ऐका. तीनच दिवसांत पक्षाला नवा अध्यक्ष मिळाला, मुलगा बिलावल. वय १९, ऑक्सफर्डमध्ये शिकत होता. वडील आसिफ अली झरदारी सहअध्यक्ष झाले. आधार काय? बेनझीर यांचं मृत्युपत्र. चाळीस वर्षांचा पक्ष वारसाहक्कानं शेतजमीन नावावर व्हावी तसा हातात आला. हेच बिलावल पुढे परराष्ट्रमंत्री झाले, आणि मे २०२३ मध्ये बैठकीसाठी आपल्या गोव्याला आले होते.

मग दोन्ही सारखंच?

अजिबात नाही. तिकडे लष्कर आहे, घराण्यांनाही घरी बसवणारं. इकडे शेवटचा शब्द मतदाराचा. २००९ ला खुद्द विजयसिंह पंढरपुरातून उभे राहिले आणि भारत भालके यांनी त्यांना हरवलं. आडनाव पुरलं नाही. आणि कारखाना, शाळा, कॉलेजं खरोखर उभी राहिली, तेही नाकारून चालणार नाही. आपल्यातले कितीतरी जण तिथंच शिकलेत.

पण एक दुखणं सारखं आहे. वरून येणाऱ्याला एकच दार माहीत असतं, त्यामुळे बाकीची दारं उघडतच नाहीत. वीस वर्षं सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता सतरंज्याच उचलत राहतो.

राष्ट्रवादी फुटली तेव्हा पक्ष कोणाचा, हे निवडणूक आयोगानं ६ फेब्रुवारी २०२४ ला ठरवलं. कशावरून? आमदार-खासदार कोणाकडे जास्त, यावरून. संघटनेतलं बहुमत मोजता येईल अशा धड निवडणुका पक्षात झाल्याच नव्हत्या. म्हणजे सतरंजीवाल्याचं मत मोजायला कुठे नोंदच नव्हती.

तुम्ही अठराचे, विशीचे आहात. उद्या कुठला पक्ष सदस्यत्वाचा फॉर्म घेऊन आला, तर भरा, जरूर भरा. फक्त एक प्रश्न विचारा: तालुकाध्यक्ष निवडायला मला मत आहे का? उत्तर ‘वरून ठरतं’ असं आलं, तर फोन कोणाला लागतो ते समजून जा.

पटलं तर गावाच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. भेटू पुढच्या एपिसोडला, राम कृष्ण हरी!