शेतावरील जीपचा गिअरबॉक्स घरी उतरविताना



नाशिक जिल्ह्यात जानेवारीपासून द्राक्षाच्या काढणीची धांदल असते. मागोमाग उन्हाळ कांदा निघतो. पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावच्या बाजारात माल नेण्याच्या दिवसांत जीप अथवा पिकअपचा क्लच घसरू लागला, तर गाडी गॅरेजमध्ये अडकून पडते. म्हणून पाने व जॅक जवळ असलेले शेतकरी वस्तीवरच गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट बदलतात. हे काम घरी होऊ शकते. नट सोडणे फारसे कठीण नाही. सुटलेले वजन सांभाळणे मात्र कठीण आहे. जिवावर बेतते ते तेथेच.

कोणती गाडी घरी खोलावी?

१९४० च्या दशकाअखेरीस महिंद्रने भारतात विलीज जीप जुळविण्यास सुरुवात केली. तेव्हापासून जीप व नंतरच्या बहुतेक पिकअप गाड्यांची मूळ रचना सारखी आहे. खाली स्वतंत्र चॅसी, पुढे इंजिन, त्यामागे गिअरबॉक्स आणि तेथून मागील चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट. त्यामुळे इंजिन जागेवर ठेवून गिअरबॉक्स खालून काढता येतो. लहान मोटारींत इंजिन आडवे व गिअरबॉक्स त्याच्या शेजारी असतो. पुढील चाकांचे शाफ्ट व इतर बरेच भाग सोडावे लागतात. अशी गाडी घरी खोलू नये.

जागा व आधार

१) काम काँक्रीटच्या सपाट जागेवर करावे. काळ्या जमिनीत, विशेषतः ओल असताना, जॅक खचतो व कलतो.

२) जॅक हा केवळ उचलण्यासाठी आहे. हायड्रॉलिक जॅकचे सील गळाल्यास गाडी खाली बसते. म्हणून चॅसीखाली लोखंडी घोड्या लावल्याशिवाय कोणीही गाडीखाली जाऊ नये. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे रचू नयेत. ते पूर्वसूचना न देता फुटतात.

३) जमिनीवर टेकलेल्या चाकांना पुढून व मागून ठोकळे लावावेत. प्रोपेलर शाफ्ट सोडला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही मोकळी होते. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेकसुद्धा याच शाफ्टवर चालतो, हे विसरू नये.

४) चार सिलिंडरचे डिझेल इंजिन साधारण दीडशे ते अडीचशे किलोचे असते. ते झाडाच्या फांदीला किंवा शेडच्या वाशाला टांगू नये. गिअरबॉक्स त्यामानाने हलका असला तरी उताणे झोपून हातांवर पेलण्याजोगा नसतो. त्यासाठी चाकांचा गिअरबॉक्स जॅक भाड्याने आणावा व सोबत एक जाणता माणूस असावा.

उतरविण्याचा क्रम

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. धन तार आधी सोडताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी पडून शॉर्ट होते. गिअरबॉक्समधील तेल डब्यात काढावे. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही फ्लँजवर पंचने खूण करून मग तो सोडावा. पुन्हा बसविताना खुणा न जुळल्यास गाडी थरथरते. त्यानंतर गिअर लिव्हर, क्लचची जोडणी, स्पीडोमीटरची केबल, तारा व स्टार्टर काढावा.

बहुतेक गाड्यांत इंजिनचा मागील भार गिअरबॉक्समार्फत आडव्या पट्टीवर येतो. पट्टी काढण्यापूर्वी इंजिनला मागील बाजूस लाकडी ठोकळा ठेवून आधार द्यावा, नाहीतर ते मागे कलते व होजपाइप ताणले जातात. गिअरबॉक्सखाली जॅक लावून साखळी बांधावी. मगच त्याला इंजिनशी जोडणारे बोल्ट सोडावेत व समोरासमोरचे दोन बोल्ट शेवटी काढावेत.

गिअरबॉक्स सरळ मागे ओढावा. त्याचा पुढील शाफ्ट क्लच प्लेटच्या भोकातून पूर्ण बाहेर येईपर्यंत वजन प्लेटवर लोंबू देऊ नये. तिचा मधला भाग वाकतो. बसविताना हीच चूक नवी प्लेट खराब करते. नवी प्लेट मध्यभागी आणण्यासाठी जुळणारा शाफ्ट घालूनच प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळावेत. बोल्ट ओढून गिअरबॉक्स जागेवर आणू नये. तो हाताने पूर्ण टेकला पाहिजे.

क्लचची धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी.

तेल आणि आपली जमीन

काढलेले तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. मातीच्या कणांवर तेलाचा थर बसला की पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. ते झाकणाच्या डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्यावे. रेडिएटर काढण्याची वेळ आली तर त्यातील रंगीत द्रव उघड्यावर ठेवू नये. त्यात बहुधा इथिलिन ग्लायकॉल असते. ते गोड लागते, पण गुरे व कुत्री यांना मारक ठरते.

येथे हात घालू नये

नव्या डिझेल इंजिनातील कॉमन रेल नळ्यांत हजार बारपेक्षाही जास्त दाब असतो. ती धार कातडीत शिरते. एअरबॅग, दाबलेल्या कॉइल स्प्रिंग आणि वातानुकूलनाचा गॅस ही कामेही प्रशिक्षित कारागिराकडेच द्यावीत. इंजिन बदलून दुसरे बसविल्यास त्याची नोंद परिवहन कार्यालयात करणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे आवश्यक आहे.

क्लचची तपासणी डिसेंबरमध्येच करावी. चढावर इंजिनचा वेग वाढूनही गाडी वेग घेत नसेल, तर काढणीची वाट पाहू नये. सवडीने, दोघांनी मिळून, घोड्या लावून केलेले काम स्वस्त पडते. घाईत जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरून वाचविलेल्या मजुरीची किंमत मात्र सर्व घराला मोजावी लागते.