न जाणवणारे ऊन

“आज ऊन नाही, आभाळ आहे,” असे म्हणून माझी आई डोक्यावरचा पदर खाली घेते आणि खुरपायला बसते. चटका नाही म्हणजे ऊन नाही, असा आपणा सर्वांचाच हिशेब असतो. तो अपुरा आहे, हे घराच्या गच्चीवर बसविता येणारे एक लहानसे उपकरण दाखवून देते.

उन्हात प्रामुख्याने तीन प्रकारचे किरण असतात: दिसणारा प्रकाश, उष्णता देणारे अवरक्त किरण आणि अतिनील किरण. या शेवटच्यांनाच जुन्या पाठ्यपुस्तकांत जंबुपार किरण म्हणत. १८०१ साली योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाला त्यांचा शोध लागला. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला गरमही लागत नाहीत. पण त्वचा भाजते ती त्यांच्यामुळे, आणि मोतीबिंदूच्या कारणांतही त्यांची गणना होते.

घरगुती हवामान केंद्रात तापमापक सावलीत ठेवतात. अतिनीलमापक मात्र आभाळाकडे तोंड करून, अगदी सपाट आणि कशाचीही सावली पडणार नाही अशा जागी बसवावा लागतो. त्याच्यावरील पांढरी चकती चहूबाजूंचे किरण गोळा करते, तिच्याखालील गाळणी अतिनीलच तेवढे पुढे सोडते, आणि तळाचा फोटोडायोड त्यांच्या प्रमाणात सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण करतो. चकतीवर धूळ बसली की आकडा कमी येतो. म्हणून ती वेळोवेळी पुसावी लागते.

या प्रवाहावरून ‘अतिनील निर्देशांक’ काढतात. ही पद्धत १९९२ साली कॅनडात सुरू झाली. त्वचेला अधिक भाजणाऱ्या किरणांना त्यात अधिक वजन दिले जाते, आणि अशा रीतीने मोजलेल्या दर चौरस मीटरमागे २५ मिलिवॅटला एक अंक धरतात. साध्या उपकरणात हे अंदाजानेच साधते. तरी रोजच्या उपयोगास ते पुरेसे होते.

पडद्यावर आकड्याबरोबर रंगही दाखविता येतो. ० ते २ हिरवा, ३ ते ५ पिवळा, ६ व ७ नारिंगी, ८ ते १० तांबडा आणि ११ पासून पुढे जांभळा. हे रंग मला फार मोलाचे वाटतात. माझ्या आईला आकडा वाचता येत नाही, रंग ओळखता येतो.

दिवसभराच्या नोंदी पाहिल्या म्हणजे आपल्या हिशेबातील चूक कळते. तापमान सर्वाधिक असते ते दुपारी तीनच्या सुमारास. अतिनील किरण मात्र सूर्य माथ्यावर असताना, म्हणजे आपल्याकडे साडेबाराच्या आसपास, सर्वांत तीव्र असतात. दाट काळे ढग त्यांना बरेच अडवितात, पण विरळ ढगांतून ते पुष्कळसे खाली येतात. गार वाऱ्याने चटका कमी होतो, किरण कमी होत नाहीत.

उपकरण नसले तरी एक साधी खूण आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर डोके व हात झाकावेत. पदर खाली घेण्यापूर्वी एकदा सावली पाहत जा, एवढे मी आईला सांगितले आहे.