थेंब बाहेर, घाण आत

चांगदेवांच्या समाधीचं आमचं पुणतांबा गोदावरीच्या काठावर वसलेलं आहे. पण नदी दारात असली तरी घरात पाणी येतं ते नळानंच, आणि नळ काही दिवसभर चालत नाही. कालव्याचं आवर्तन लांबलं की गावोगावचे साठवण तलाव तळ गाठतात. त्यामुळे नळाला पाणी आलं की नाही, एवढंच आपण पाहतो. ते ज्या पाइपातून आलं, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

खरी गोम तिथंच आहे. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो, म्हणून चिरेतून पाणी बाहेर झिरपतं. पाणी गेलं की दाब नाहीसा होतो आणि त्याच चिरेतून बाहेरचं पाणी आत शिरतं. पाइप गटारातून गेलेला असेल, तर आत काय शिरतं हे सांगायला नको. त्यात कुणी थेट नळालाच मोटर लावली, तर ती ही घाण ओढूनच घेते. मोटर एकाची, कावीळ साऱ्या आळीला! २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ पसरली आणि माणसं दगावली.

म्हणून निदान पावसाळ्याच्या तोंडावर घरातले नळ तपासावेत. त्याला फार अवजारं लागत नाहीत.

सुरुवात गटारापासून करावी. रस्त्यावरच्या मुख्य पाइपापासून घरापर्यंत आलेला पाइप पाहावा. तो गटारातून येत असेल तर वरून घ्यावा. नळ आल्याबरोबरचं पहिलं पाणी काचेच्या ग्लासात धरावं. ते गढूळ असेल, वास येत असेल तर सावध व्हावं. पाणी तांबूस असेल तर लोखंडी पाइप आतून गंजला असण्याचा संभव असतो. तोटीशी पांढरे क्षार साचून धार बारीक झाली असेल, तर पाइपातही तेच झालेलं असू शकतं.

दुसरी परीक्षा टाकीची. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या पातळीवर खडूनं खूण करावी. सकाळी पाणी खाली गेलं असेल तर गळती आहे. दुसऱ्या रात्री टाकीखालचा कॉक बंद ठेवावा. तरीही पाणी उतरलं तर टाकी गळते, नाहीतर पाइप. फ्लशच्या टाकीत जिलबीचा रंग टाकून अर्धा तास थांबावं. भांड्यात रंग उतरला तर आतला व्हॉल्व्ह गेला.

ठिबकणारी तोटी क्षुल्लक वाटते. सेकंदाला एक थेंब धरला, तर दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि वर्षाला सुमारे दीड हजार लिटर पाणी जातं. जलजीवन मिशननं माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. त्या हिशेबानं हे एका माणसाचं जवळजवळ महिन्याचं पाणी झालं. वॉशर मात्र काही रुपयांत मिळतो.

शेवटी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला आपल्या नळाच्या पाण्याची ओटी चाचणी करायला सांगावं. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे. शेजारच्या नळाचं पाणी पिवळं होतं आणि आपलं होत नसेल, तर आपल्याच पाइपावर संशय घ्यावा. दुरुस्ती होईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच घ्यावं, लहान मुलांचं आणि गरोदर बाईचं तर नक्कीच.