घरातलं आणि देशातलं

अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं, त्याचं मूळ मला या हातानं लिहिलेल्या कागदांत दिसतं. जिथं मुलं जेवतात-झोपतात, तिथंच त्यांच्याशी जगाबद्दल बोलायचं, ही ती रीत.

‘साधने’त गुरुजी पुतणी सुधाला पत्रं लिहीत. पाऊस, फुलं, पाखरं यांच्याबद्दल लिहिता लिहिता ती पत्रं गरिबांच्या हालांपर्यंत, जातिभेदापर्यंत पोहोचत. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १९४७ मध्ये प्राणपणानं उपोषण करणारा माणूस एका लहान मुलीला ते सारं समजेल अशा शब्दांत सांगत होता. ११ जून १९५० ला गुरुजी गेले, म्हणजे ‘साधना’ सुरू होऊन दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. पण पुरोगामी मराठी लेखनाला त्यांनी एक घरगुती आवाज देऊन ठेवला.

या आवाजाची एक मर्यादा होती. ते घर बहुतेक वेळा मध्यमवर्गीय, सवर्णांचं असे. आतला माणूस कळवळ्यानं बाहेर बघे. बाहेरच्यानं आत येऊन बोलणं क्वचितच घडे.

‘साधने’च्या १९७२ च्या स्वातंत्र्यदिन विशेषांकात ते घडलं. यदुनाथ थत्ते संपादक होते, आणि हा अंक त्यांनी तरुण अनिल अवचटांच्या हाती सोपवला होता. त्यात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. दलित स्त्रीच्या अब्रूला हात घातला तर दंड ५० रुपये, राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर ३००, ही तुलना ढाल्यांनी जळजळीत भाषेत मांडली. गहजब झाला. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीनंही त्या भाषेवर हरकत घेतली. भाषेबद्दल वाद घालता येईल, पण मला ढाल्यांचा हिशेब अजून बिनतोड वाटतो. रोजचं जगणं म्हणजे कुणाचं जगणं, हा प्रश्न त्या लेखानं पुरोगाम्यांच्या घरातच विचारला. ढाले ज्या दलित पँथर संघटनेत होते, तिचा जन्म त्याच वर्षीचा. या लेखानं तिचं नाव महाराष्ट्रभर गाजलं.

असाच प्रश्न समाजसुधारक हमीद दलवाई दुसऱ्या, मुस्लिम घरातून विचारत होते. त्यांच्या पुढाकारानं १९६६ मध्ये मुंबईत सचिवालयावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा गेला, तोंडी तलाकविरुद्ध. फक्त सातजणी! चार वर्षांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं. सर्वोच्च न्यायालयानं तिहेरी तलाक रद्द ठरवायला २०१७ साल उजाडलं. नवऱ्यानं तीन शब्द उच्चारले की बाईच्या डोक्यावरचं छप्पर जाई. हे राजकारण नव्हे तर घरगुती भांडण, असं म्हणणारे दोन्ही बाजूंना पुष्कळ होते.



१९९८ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ‘साधने’चे संपादक झाले. ते साताऱ्याचे, पेशानं डॉक्टर आणि खेळानं कबड्डीपटू. आजारपणात बाबाकडे जाणारा माणूस मूर्ख नसतो, तो हतबल असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांच्या बोलण्यात श्रद्धाळू माणसाची चेष्टा नसे. अखेरच्या महिन्यांत ते जातपंचायतींकडे वळले होते. जातीबाहेर लग्न केलं म्हणून नाशिकमध्ये बापानं गरोदर लेकीचा जीव घेतला, आणि त्यामागं पंचांचा जाच असल्याचं समितीच्या कार्यकर्त्यांनी उजेडात आणलं. लग्नाला कुणाला बोलवायचं, मयताला कुणी यायचं, हे पंच ठरवत.

२० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या. वर्षानुवर्षं अडून राहिलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम काही दिवसांतच निघाला, डिसेंबरात कायदा झाला. वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा विधिमंडळानं २०१६ मध्ये केला. दोन मारेकऱ्यांना जन्मठेप व्हायला मे २०२४ उजाडावं लागलं. कट कुणी रचला, ते त्या निकालानंही सिद्ध झालं नाही.