दहा टक्क्यांची बाग

अमरावतीत फिरायला कुठं जायचं असं विचारलं की पहिली नावं निघतात वडाळी तलाव आणि छत्री तलाव. दोन्ही जागा सुंदर आहेत, पण त्या सुटीच्या दिवशी गाडी काढून जायच्या. सहा वर्षांच्या पोराला रोज संध्याकाळी खेळायला आणि गुडघे धरलेल्या आजीला चार पावलं चालायला जी जागा लागते, ती घरापासून पाच-सात मिनिटांवर असावी लागते आणि वाटेत मोठा रस्ता आडवा येता कामा नये. वाढत्या शहरात नेमकी हीच जागा सर्वांत आधी हातची जाते.

२००१ च्या जनगणनेत अमरावती महापालिकेची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. २०११ मध्ये ती ६ लाख ४७ हजारांवर गेली आणि त्यानंतर शहर चहूबाजूंनी पसरलं. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेनुसार दर ५,००० लोकांमागे ५,००० चौरस मीटरची, म्हणजे सुमारे सव्वा एकराची, एक बाग हवी. २०११ चाच आकडा धरला तरी अशा सव्वाशेहून जास्त बागा लागतील आणि त्यांना दीडशेहून अधिक एकर जमीन लागेल. एवढी जमीन आजच्या भावानं विकत घेणं आपल्या महापालिकेच्या आवाक्यातलं नाही. सुदैवानं सगळी विकत घ्यावी लागत नाही, आणि हे लोकांना नीट माहीत नाही म्हणून हा लेख.

बागेसाठी जमीन मिळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला विकास आराखड्याचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली शहराचा आराखडा होतो आणि त्यात बाग, मैदान, शाळा यांसाठी खाजगी जमिनींवर आरक्षण पडतं. पण आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत महापालिका हलली नाही, तर आरक्षण आपोआप उठतं. पूर्वी ही मुदत याहूनही कमी होती. मालकाच्या बाजूनं पाहिलं तर आरक्षण उठणं न्याय्यच आहे, कारण कुणाचं वावर पिढ्यान्‌पिढ्या अडकवून ठेवता येत नाही. रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देण्याची सोय कायद्यात आहे. मुंबई-पुण्यात तो चालतो, कारण तिथं वाढीव मजल्यांना गिऱ्हाईक असतं. जिथं शहराच्या कडेला अजून मोकळे प्लॉट मिळतात, तिथं टीडीआर कोण घेणार? मालक रोख मागतो आणि महापालिकेच्या तिजोरीत तेवढी रोकड नसते.

दुसरा मार्ग ले-आऊटचा, आणि माझ्या मते आपल्या शहरांची खरी आशा तिथंच आहे. काल जिथं कपाशी होती तिथं आज प्लॉट पडतात. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के क्षेत्र खुली जागा म्हणून सोडावंच लागतं. त्याआधीच्या नियमांतही ही तरतूद होतीच. या जागेचे पैसे प्लॉटधारकांनी केव्हाच भरलेले असतात, कारण ले-आऊट पाडणारा तिची किंमत बाकीच्या प्लॉटांच्या भावात धरतो. म्हणजे महापालिकेला ती विकत घ्यायची नाही, फक्त राखायची आहे.

राखली जात नाही, हे दुःख आहे. ले-आऊट पाडणारा प्लॉट विकून मोकळा होतो, पण सातबारावर जुनंच नाव राहतं. मोकळ्या जागेत आधी बांधकामाचा मलबा पडतो, मग टिनाचं शेड उभं राहतं, मग सभागृह. प्रत्येक वेळी कारण चांगलंच असतं, म्हणून विरोध करायला कुणी धजत नाही. बंगळुरूच्या एका वस्तीतल्या रहिवाशांनी मात्र विरोध केला. उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी इस्पितळाला दिली होती. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप रद्द ठरवलं. इस्पितळासारखं चांगलं कारणही तिथं चाललं नाही.

गुंठेवारीच्या, म्हणजे मंजूर ले-आऊटशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनींवरच्या, वस्त्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त कठीण. तिथं खुली जागा सोडलेलीच नसते. २००१ च्या कायद्यानं आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची अशी बांधकामं नियमित होऊ शकतात; घर कायदेशीर होतं, पण पोरांना मैदान मिळत नाही. अशा भागांत शाळेचं पटांगण संध्याकाळी उघडं ठेवणं, किंवा अंबा नाल्यासारख्या नाल्यांच्या काठानं झाडांची पट्टी धरणं, एवढंच हाती उरतं. अकोल्यात जानेवारी २०१८ मध्ये मोर्णेच्या पात्रातली जलकुंभी काढायला गावच्या गाव नदीवर आलं होतं. काठावर माणसांचा रोजचा राबता असल्याशिवाय अशी मेहनत टिकत नाही.

आता पैशांचं. बाग उभारायला पैसा तसा मिळतो. २०१५ च्या अमृत योजनेत अमरावती आणि अकोला दोन्ही शहरं होती आणि योजनेतला अडीच टक्क्यांपर्यंतचा खर्च उद्यानांवर करता येत होता. आमदार निधी आहे, जिल्हा नियोजन समिती आहे. पण या सगळ्यांतून फाटक, पेव्हर ब्लॉक, व्यायामाची लोखंडी साधनं होतात. माळ्याचा महिन्याचा पगार होत नाही. तो महापालिकेलाच द्यावा लागतो. आणि महापालिका कायद्यात पाणी, सफाई, दिवाबत्ती ही सक्तीची कर्तव्यं आहेत, तर उद्यानं कलम ६६ खाली, ऐच्छिक कामांत. वसुली कमी पडली की कात्री कुठं लागणार, हे उघड आहे.

उद्घाटनानंतर दोन उन्हाळ्यांत बाग उजाड होण्यामागं हेच कारण असतं, आणि दुसरं कारण पाणी. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं लागतं. त्यावर लॉन जगत नाही. सिंभोऱ्याच्या धरणातून येणारं पिण्याचं पाणी हिरवळीवर ओतणं मला पटत नाही. कडुनिंब, चिंच, वड, बहावा लावावेत आणि पहिली तीन वर्षं त्यांना पाणी घालणाऱ्या माणसाचा पगार आधी धरावा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर बसवलेली फरशी त्यामुळं उखडते. मुरमाची पायवाट स्वस्त पडते आणि दुरुस्तही लवकर होते.

२०१७ नंतर अमरावती महापालिकेची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. आता वॉर्डात नगरसेवक आहेत, त्यांच्याकडं दोन गोष्टी मागाव्यात. वॉर्डातल्या प्रत्येक मंजूर ले-आऊटचा नकाशा नगररचना विभागातून काढून खुल्या जागांची यादी जाहीर करावी आणि त्या जागांच्या सातबारावर महापालिकेचं नाव चढवावं. आणि घरपट्टीच्या बिलात वृक्षकराचा जो रकाना असतो, त्यातून वर्षाला किती जमा झालं आणि ते कुठल्या झाडांवर खर्च झालं, हे अंदाजपत्रकाच्या सभेत विचारावं.